विमानाची पावती

१

थैलीत पासपोर्ट होता, तिकीट होतं, मस्कतचं ओळखपत्र होतं. फक्त पावती नव्हती.

बुधवारी सकाळी आठ वाजता अनुपमाबाई आखाडे ओट्यावर तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या, तेव्हा फैजान ती प्लास्टिकची थैली छातीशी धरून आला आणि पायरीवर मटकन बसला.

"मॅडम, माहं विमान गेलं."

"कुठं गेलं?"

"आहे तिथंच आहे, मुंबईले, कस्टमच्या गोदामात. पन पावती गेली. उद्या संध्याकाळी माही मेहकरहून गाडी आहे."

डोणगावात अनुपमाबाईंना लहानथोर सगळे मॅडम म्हणत. मुंबईच्या विमानतळावर कस्टममध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. लोकांच्या बॅगा उघडून उघडून सवय अशी जडली की आता बाजारात कुणाची पिशवी दिसली तरी आत काय असेल याचा अंदाज बांधल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. निवृत्त होऊन माहेरच्या गावी परतल्याला चार वर्षं झाली होती. कुणाची कोंबडी हरवली तरी माणसं त्यांच्याकडे येत, आणि त्या "मी काय पोलीस आहे का?" असं म्हणत चपला घालत.

"नीट सांग. पहिल्यापासून सांग."

फैजान मस्कतला रस्त्यांच्या सर्व्हेचं काम करायचा. स्वतःचा ड्रोन असेल त्यालाच ते काम मिळायचं, म्हणून त्यानं दोन वर्षांपूर्वी एक घेतला होता. इकडं त्याचे वडील फकीर मोहम्मद गावभर सांगत फिरायचे की माहा पोरगा विमान उडवते. लोक हसायचे. गादीवाल्याचा पोरगा अन् विमान! हसणाऱ्यांची तोंडं एकदाची बंद व्हावीत म्हणून या सुट्टीत फैजान ड्रोन बॅगेत घालून घेऊन आला. तिकडून न्यायला परवानगी आहे एवढंच त्यानं पाहिलं. आपल्या देशात ड्रोन आणायलाच बंदी आहे हे त्याला मुंबईत उतरल्यावर कळलं.

"हिरव्या रस्त्यानं गेला होतास की लाल?"

"लाल, मॅडम. सोताहून सांगतलं, साहेब, माह्याजवळ ड्रोन आहे म्हनून."

"शहाणा आहेस. हिरव्यानं गेला असतास तर ड्रोनही गेला असता आणि वर तूही अडकला असतास."

साहेब भला निघाला. ड्रोन आत नेता येणार नाही, इथं ठेवून घेतो, परत जाताना पावती दाखव आणि घेऊन जा, असं म्हणाला. तिकडं मस्कतला मात्र निघताना फैजाननं लिहून दिलं होतं की महिन्याच्या आत ड्रोन परत आणीन, आणि जामीन म्हणून त्याच्या सुपरवायझरची सही होती. ड्रोनशिवाय उतरला तर हा विकून आला असंच म्हणणार. परवाना जाणार, मग नोकरी, आणि सही करणाऱ्या भल्या माणसाची मान खाली जाणार ती वेगळीच.

"पावतीविना मिळत नाही असं नाही," अनुपमाबाई म्हणाल्या, "पण अर्ज, प्रतिज्ञापत्र, शोधाशोध... चार-पाच दिवस सहज जातात. तुझं विमान कधी?"

"परवा दुपारी."

"फोटो काढला होतास पावतीचा?"

फैजाननं मान खाली घातली. "कागद हातातच व्हता. कायले काढतो?"

अनुपमाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "दिसायला कशी होती?"

"हातभर लांब, गुळगुळीत कागद. तिकडचं मोठं मशीन बंद व्हतं, लहान्या मशीनीतून काढून देली. साहेबानं मांगून पेनानं काहीतरी लिहिलं अन् शिक्का मारला. आल्याबरोबर माह्या बायकोनं, सबीहानं, तिच्यावर चहाचा गरम ग्लास ठेवला, काळा गोल डाग पडला. मी लय भडकलो तिच्यावर. अब्बा म्हने, चिल्लावू नको, कागद सांभाळून ठेव."

"मग ठेवला होतास ना?"

"याच थैलीत. मंग बाहेर काढलीच नाई. आज पाह्यलं तर नाई." त्यानं आवाज लहान केला. "मॅडम, घरात सगळे म्हनून राह्यले, सबीहानंच लपोली. मी जाऊ नये म्हनून."

२

फकीर मोहम्मदांच्या घरी गच्चीवर गाद्या, रजया, उशा उन्हात पसरल्या होत्या. खाली बाजेवर म्हातारे भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते.

"फकीरभाई, बरं नाही का?"

"बरं आहे, बाई." त्यांनी तोंड वळवलं नाही. "तुमी कायले तरास घेता? भेटायचं असन तर भेटन. अल्ला मालिक."

अनुपमाबाईंना हे जरा विचित्र वाटलं. पोराची नोकरी चालली आणि बाप म्हणतो तरास घेऊ नका! पण म्हातारपणी काळजीनं माणूस कसाही बोलतो, असा विचार करून त्या आत गेल्या.

सबीहा चुलीपाशी होती. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"या मॅडम. मीच चोर आहे, बसा."

"मी असं म्हटलं का?"

"सगळे म्हनतात, मंग तुमीच कायले मांगं राहता?" तिनं भाकरी तव्यावर आपटली. "मले वाटते त्यायनं जाऊ नये. वाटते म्हंजे वाटते, खोटं कायले बोलू? पोरगी बापाले वळखत नाई. मोबाईलमधल्या मानसाले अब्बू म्हनते अन् घरात आलेल्या मानसाले पाहून रडते. पन त्यायची नोकरी खाऊन मले कोन्तं सुख भेटनार?"

एकतीस वर्षांत अनुपमाबाईंनी खूप खोटी रडणी पाहिली होती. हे खरं होतं.

शिवाय नवऱ्याला अडवायचंच असतं तर या बाईनं पासपोर्टच नसता का लपवला? पावती गेली तरी विमानात बसता येतं, माणूस जातोच. पासपोर्ट गेला तर जात नाही. ज्यानं पावती घेतली त्याला फैजानला थांबवायचं नव्हतं. त्याला पावतीच हवी होती, किंवा ड्रोन.

त्यांची नजर भिंतीवर फिरली. खिळ्यांना रेशनकार्ड, नातीचं लशीचं कार्ड, फैजानच्या लग्नाची पत्रिका, कुठल्याशा साली भरलेलं विजेचं बिलसुद्धा, सगळं चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद.

"हे काय गं?"

"अब्बायचं काम. एकडाव त्यायचा कोन्तातरी दाखला पान्यात भिजला, तवापासून कागदाचं भ्या घेतलं त्यायनं." सबीहाला एवढ्या रडण्यातही थोडं हसू आलं. "तीन दिवस झाले, धड जेवत नाईत. आज सगळ्याचं अंथरूण उन्हात टाकलं, तर आपली उशी काई देत नाईत. डोकं दुखते म्हने."

"या घराबाहेरच्या कुणाला ड्रोनमध्ये रस होता?"

"हर्षल फोटोवाला. चारदा येऊन गेला. ते यंत्र मले देऊन टाक म्हने, मी सोडवून आनतो."

३

हर्षलचा फोटो स्टुडिओ बसस्टँडसमोर होता. लग्नाचे फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, फॉर्म भरणं, सगळं एकाच खोलीत. त्याच्याकडे एक ड्रोन होता, परवान्याचा, देशी. पण फैजानचा ड्रोन त्याच्यापेक्षा दुप्पट वेळ हवेत राहतो हे कळल्यापासून गड्याला झोप नव्हती.

अनुपमाबाई आत शिरल्या तेव्हा तो गिऱ्हाइकाचं आधारकार्ड लॅमिनेट करत होता. त्यांना पाहताच त्याच्या हातातलं कार्ड मशीनमध्ये तिरपं गेलं.

"बसा मॅडम. पासपोर्ट फोटो काढायचा का?"

"माझा फोटो काढून काय करतोस? फैजानची पावती हरवली, ऐकलं असशील."

"हो... नाई म्हंजे, ऐकलं." हर्षलनं कपाळ पुसलं. पंखा जोरात चालू होता. "पन मले काय करायची ती? ज्याच्या नावानं पासपोर्ट त्यालेच माल भेटते. दुसऱ्यानं पावती नेली तर देत नाईत, साफ लिहेल आहे तिच्यावर."

"हर्षल, ती पावती तू कधी वाचलीस?"

आधारकार्डवाला गिऱ्हाईक मध्येच म्हणाला, "माहं कार्ड झालं का बे?" हर्षलनं त्याला हातानंच थांबवलं.

"फैजाननं दाखोली असन."

"फैजान म्हणतो, ती त्यानं थैलीबाहेर काढलीच नाही."

"मॅडम, तुमच्या पाया पडतो, मले इचारू नका. मी कसम खाल्ली आहे."

"कुणापाशी?"

हर्षलनं नकारार्थी मान हलवली आणि तिरपं गेलेलं कार्ड कात्रीनं नीट करायला लागला. कापता कापता कार्डाचा कोपराच गेला. चोर असा गडबडत नाही, अनुपमाबाईंच्या मनात आलं. चोराकडे उत्तर तयार असतं. हा दुसऱ्याचं ओझं वाहत होता.

त्या निघाल्या. दाराशी एक पाटी दिसली आणि त्या थबकल्या. पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलं होतं: 'एटीएमच्या चिठ्ठ्या व एस.टी.च्या मशीनची तिकिटं लॅमिनेट करून मिळणार नाहीत.' बाकीच्या पाट्यांवर वर्षांची धूळ होती. ही मात्र कालपरवाची, अक्षरं अजून काळीभोर.

"हर्षल, एस.टी.चं तिकीट लॅमिनेट करायला येतं तरी कोण?"

हर्षलनं मशीनचं बटण बंद केलं. "दुकान बंद करायची वेळ झाली, मॅडम," तो म्हणाला. सकाळचे अकरा वाजले होते.

४

स्टँडवरच्या हॉटेलात अनुपमाबाई चहा घेऊन बसल्या. गरम ग्लास समोर, आणि डोक्यात ती पाटी. कुणी उगाच पाटी लावत नाही. काहीतरी घडतं, माणूस पोळतो, मग पाटी लावतो.

हॉटेल चालवणाऱ्या गीताबाई गल्ल्यावरून म्हणाल्या, "मॅडम, फकीर चाचा बिमार आहेत का? रविवारी तर लय खुशीत व्हते. सगळ्यायले कागद दाखोत फिरले, पाहा माह्या पोराच्या विमानाचा सरकारी कागद म्हने. इथंच बसले व्हते अर्धा घंटा. कोनाच्या हाताले तेल असन तर हात लावू देत नव्हते. तवापासून फिरकलेच नाई."

"फैजान घरी नव्हता का तेव्हा?"

"तो सासऱ्याकडं गेलता ना, मेहकरले."

अनुपमाबाई उठल्या आणि पुन्हा बसल्या. पर्समध्ये सोमवारचं मेहकरचं एस.टी.चं तिकीट होतं, मशीनमधून निघालेलं, गुळगुळीत. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि त्यावर चहाचा गरम ग्लास ठेवला. दहापर्यंत आकडे मोजले. ग्लास उचलला.

तिकिटावर काळा गोल डाग उमटला होता. बोटानं पुसून पाहिला. ओला नव्हता. चहाचा डाग तपकिरी असतो. हा काळा होता आणि कागदातूनच वर आला होता.

"काय गं मी मूर्ख!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. गीताबाई दचकल्या.

चुकी त्यांच्या अनुभवाची होती. त्यांच्या वेळी कस्टमची पावती कार्बन लावून हातानं लिहीत. सकाळपासून पावती म्हटली की डोळ्यांसमोर तोच पिवळट जाड कागद येत होता. फैजान मात्र सकाळीच सांगून गेला होता: गुळगुळीत कागद, लहान मशीन, गरम ग्लासाचा काळा डाग. हा कागद शाईनं लिहिलेला नसतो, उष्णतेनं उमटलेला असतो. उष्णता लागेल तिथं तो काळा पडतो. आणि लॅमिनेशनच्या मशीनमधून पूर्ण कागद गेला तर?

चोरी झालीच नव्हती. कुणीतरी त्या कागदावर फार जीव लावला होता.

५

दुपारची वेळ होती. अनुपमाबाईंनी फैजानला मेडिकलमध्ये पाठवलं, सबीहाला गच्चीवर. मग बाजेशेजारी पाट ओढून त्या बसल्या.

"फकीरभाई, लहानपणी माझ्या आईची गादी तुमचे वडील भरायचे. तुम्ही टाके घालायचात. एक टाका इकडचा तिकडं होत नसे."

म्हाताऱ्यांनी उशी डोक्याखाली आणखी ओढून घेतली.

"आता डोळ्यांनी दिसत नाही म्हणून दोन वर्षांपासून शिवत नाही, असं ऐकलं. मग या उशीची शिवण ताजी कशी? आणि अशी वाकडी कशी?"

फकीर मोहम्मद हळूहळू उठून बसले. त्यांनी उशी मांडीवर घेतली, तिच्यावरून हात फिरवला, आणि एकदम लहान पोरासारखे हमसून रडायला लागले.

"माह्या हातानं जळालं, बाई. माह्या हातानं."

अनुपमाबाईंनी त्यांना रडू दिलं. थोड्या वेळानं म्हातारे सांगायला लागले. ड्रोन आला नाही, पण कागद आला. हसणाऱ्यांना दाखवायला तेवढाच पुरावा. सबीहाच्या ग्लासानं त्याच्यावर डाग पडला तेव्हा त्यांनी तो पुसून पुसून पाहिला. एवढा मोलाचा कागद, असा उघडा कसा ठेवायचा? रविवारी त्यांनी थैलीतून तो काढला, आधी दोन-चार लोकांना दाखवला, मग हर्षलकडं नेला. हर्षलनं तो हौसेनं वाचून पाहिला, तेवढ्यात कुण्या लग्नवाल्याचा फोन आला. बोलता बोलता त्यानं सवयीनं कागद प्लास्टिकमध्ये घातला आणि मशीनमध्ये सोडला.

"इकडून पांढरा गेला, बाई. तिकडून तवा निघाला. काळा कुट्ट. एक अक्षर नाई." त्यांनी डोळे पुसले. "हर्षल माह्याहून जास्त घाबरला. मीच त्याले कसम घातली, माह्या पोराले सांगू नको म्हनून. मी काईतरी इलाज करीन म्हनलं. काय इलाज करतो मी? सुनेवर आळ आला तरी तोंड उघडलं नाई. असा बाप असते का?"

"असाच असतो," अनुपमाबाई म्हणाल्या. "पण सुनेवर आळ येऊ दिलात ते मात्र वाईट केलंत. आणा ती उशी."

म्हाताऱ्यांनी स्वतःच्याच हातानं शिवण उसवली. कापसातून हातभर लांबीची लॅमिनेट केलेली पट्टी निघाली. खरंच तव्यासारखी काळी होती. तिच्यावर विमान, नाव, तारीख, काहीच उरलं नव्हतं.

अनुपमाबाईंनी ती हातात घेतली. मग, बॅग उघडताना आधी तळ तपासायची एकतीस वर्षांची सवय होती म्हणून असेल, त्यांनी ती उलटी केली.

"फकीरभाई, तुम्ही ही मागून पाहिली होती?"

"मांगून काय पाहायचं? लिहेल तर समोर व्हतं."

मागची बाजू मळकट पांढरी होती. काळं व्हायचा मसाला या कागदाला पुढूनच लावलेला असतो. त्या पांढऱ्यावर साहेबाचा जांभळा शिक्का होता, आणि शेजारी निळ्या बॉलपेननं ठसठशीत लिहिलेला गोदामाचा नंबर. प्लास्टिकच्या आत एकेक आकडा सुरक्षित होता. रविवारी गावभराचे हात लागूनही पुसला गेला नव्हता, आणि आता तर पाण्यात टाकला तरी पुसला जाणार नव्हता.

"या नंबरावर रजिस्टरचं पान उघडतं," अनुपमाबाई म्हणाल्या. "फैजानचं नाव, पासपोर्ट, ड्रोन, सगळं त्या पानावर आहे. पुढचं जळलं तर जळू द्या. मी सोबत एक पत्र लिहून देते."

म्हाताऱ्यांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी अनुपमाबाईंचे दोन्ही हात धरले. "मंग फैजानले नका सांगू ना बाई, कसं झालं ते. उशीत सापडलं म्हना. कुठंतरी सापडलं म्हना."

"नाही," अनुपमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पट्टी म्हाताऱ्यांच्या मांडीवर ठेवली. "ते तुम्हीच सांगायचं. आधी सबीहाला, मग त्याला."

दारात चपलांचा आवाज आला. फैजान परत आला होता, आणि त्याची नजर थेट बापाच्या मांडीवरच्या काळ्या पट्टीवर गेली.

६

त्या घरात त्या दुपारी कोण काय बोललं ते अनुपमाबाईंनी ऐकलं नाही. त्या उठून घरी गेल्या आणि राहिलेली डाळ पाखडली. पण संध्याकाळी सबीहा वाटीभर शिरखुर्मा घेऊन आली. ईद नव्हती, सण नव्हता.

"अब्बायनं माही माफी मांगतली," ती म्हणाली. "मले तर लाजच वाटली. सासरा कधी माफी मांगते का?"

"आणि फैजान?"

"ते पयले लय चिडले. मंग तो कागद हातात घेऊन बसले, अन् अब्बायच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. म्हंजे दोघंही रडले." तिनं पदर तोंडाला लावला. "उद्या जातातच ते. जाऊ द्या. पन यावेळेस पोरगी त्यायच्या मांडीवर झोपली."

शुक्रवारी दुपारी फोन आला. मागं विमानतळाची गडबड ऐकू येत होती.

"भेटला, मॅडम! भेटला! नंबर पाह्यला, रजिस्टर काढलं, माहा चेहरा पाह्यला अन् देऊन टाकला. पन साहेब त्या काळ्या पट्टीकडं पाहतच राह्यला. म्हने, हे काय केलं, कोणी केलं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हनलं, माह्या अब्बानं. हारपू नये म्हनून."

"आणि साहेब?"

"पट्टी फाईलला लावून ठेवली. मंग म्हने, जा, आता अब्बाले सांग, भेटला म्हनून."

आठ दिवसांनी फकीर मोहम्मद अनुपमाबाईंच्या ओट्यावर आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, कापसाचा भाव, गुडघे, नातीचा खोकला. मग हळूच म्हणाले, "बाई, तो काळा कागद... तो वापस नाई भेटनार का? माह्याजवळ पोराच्या विमानाचं तेवढंच व्हतं."

"तो सरकारचा झाला, फकीरभाई. आता नाही मिळायचा."

म्हातारे मान हलवून निघाले. अनुपमाबाईंनी लगेच मस्कतला फोन लावला. या वेळेस फैजान शहाणा झाला होता; देण्याआधी त्यानं पट्टीचा फोटो काढून ठेवला होता. तो हर्षलच्या मोबाईलवर आला. हर्षलनं तो मोठा करून छापला, साध्या कागदावर, शाईनं, आणि दोनदा तपासून लॅमिनेट केला. पैसे घेतले नाहीत.

आता फकीर मोहम्मदांच्या भिंतीवर रेशनकार्ड आणि लग्नपत्रिकेच्या मधोमध एक काळी कुट्ट पट्टी लटकते. नवा माणूस आला की विचारतोच, चाचा, हे काय? म्हातारे चष्मा लावतात, खिळ्यावरून ती काढतात आणि त्याच्या हातात देतात. आधी मात्र त्याच्या हाताला तेल तर नाही ना, ते पाहतात.

"हे माह्या पोराचं विमान," ते सांगतात. आता कोणी हसत नाही.